आत्याची रुंद काठाची टोपी

या मित्रांनो, या. असे लांब का उभे? दाराजवळच्यांनी जरा आत सरकावे, म्हणजे डोळ्यांवर ऊन येणार नाही. मी इथे भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. माझा आवाज काही मोठा नाही, पण तुम्ही जवळ बसलात तर एक गोष्ट सांगेन. ती दोन घाऱ्या डोळ्यांची आहे. गोड आहे असे म्हणणार नाही. पण औषध तरी कुठे गोड असते? ते घेतल्यावर बरे वाटते, म्हणून आपण तोंड वाकडे करून का होईना, घेतो. तसेच ऐका.

मी एक जुनी टोपी आहे. लव्हाळ्याची, रुंद काठाची. आज माझा काठ एका बाजूने उंदराने कुरतडला आहे, आणि उन्हाने माझा रंग वाळल्या गवतासारखा झाला आहे. पण मित्रांनो, एके काळी मी इतकी ताजी होते की जवळ नाक नेले तर खाडीचा वास यायचा.

खाडीच्या काठी जिथे गोडे पाणी खाऱ्याला भेटते, तिथे मी लव्हाळा होऊन डोलत होते. टोपल्या विणणाऱ्या एका म्हातारीने मला कापले, सुकवले, पुन्हा भिजवले आणि मांडीवर घेतले. तिच्याकडे एक बाई आली होती. मिठागरावर काम करणारी, काळ्याभोर डोळ्यांची, आणि मागे पदर धरून तिची मुलगी. मुलगी सारखी डोळे मिचकावत होती.

"पोरीला टोपी हवी," बाई म्हणाली. "काठ चांगला हातभर ठेव."

"हातभर? अगं, टोपी हवी का घराचं छप्पर?"

"छप्परच समज. पोरगी घारी आहे. हिचा बापही घारा. त्याचं काय झालं ते बघतेस ना तू?"

म्हातारीचे हसू थांबले. तिने काठ रुंद केला. मग जुन्या पडद्याचे गडद हिरवे कापड शोधून काढले आणि काठाच्या खालच्या बाजूला टाचले, म्हणजे खालून येणारा उजेड काठावर आपटून पुन्हा डोळ्यांत जाऊ नये. हनुवटीखाली बांधायला नाडी लावली. विणताना ती गुणगुणायची. तिचेच शब्द, तिचीच चाल.

उजेड म्हणजे पाणी, ओंजळीने प्यावे,
पूर आला सामोरा, तर बाजूला व्हावे.

देवाची करणी बघा, मित्रांनो. त्याने डोळा केला, तो इतका नाजूक की त्याच्यावर पापणी घातली, पापणीला केस लावले, वर भुवईचे छज्जे काढले. आणि एवढे करूनही त्याला वाटले असेल की कमी पडेल, म्हणून त्याने माणसाला हात दिले आणि सांगितले, उरलेले तू कर. माणसाने हाताने टोपी विणली. माझा जन्म असा झाला. देवाचे राहिलेले काम करण्यासाठी. मला याचा फार अभिमान वाटायचा.

ती डोळे मिचकावणारी मुलगी म्हणजेच माझी मालकीण. पुढे तिला सारे जण आत्या म्हणू लागले, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. तिच्या डोळ्यांचा रंग कसा सांगू? घोटभर पाण्यात थेंबभर मध पडावा आणि तो अजून पुरता मिसळलेला नसावा, तसा. लोक बघत राहायचे.

मिठागर तुम्ही पाहिले आहे का? भरतीचे पाणी चरातून आत घेतात आणि सपाट वाफ्यांत पसरतात. ऊन ते पाणी पिऊन टाकते. पाणी आटते, जड होते, आणि शेवटी तळाशी मीठ उरते. सगळीकडे पांढरेच पांढरे. दुपारी तिथे एक सूर्य वरून तापतो आणि दुसरा खालून. वरच्याला मी अडवत असे. खालच्यापुढे माझे फारसे चालत नसे. खोटे कशाला बोलू? माझ्या हिरव्या कापडाने होईल तेवढे मी करायची.

कामावरच्या बायकांना माझी मोठी गंमत वाटायची.

"आली गं आली, छत्री आली! खाली कुणी आहे का ते वाकून बघा!"

"वाकून बघच," आत्या म्हणायची. "तेवढाच कमरेला व्यायाम."

पण दुपारी पाणी प्यायला सगळ्या बसल्या की त्यांतली एखादी हळूच म्हणायची, "दे गं जरा तुझी छत्री, कपाळ फुटायला आलंय." आणि आत्या मला देऊन टाकायची. कितीतरी डोक्यांवर मी बसले आहे. घामाचा वास प्रत्येकीचा निराळा, पण सावलीत आल्यावरचा सुस्कारा मात्र सगळ्यांचा सारखाच. ते माझे सुखाचे दिवस होते.

आता पुढचे ऐकताना मन घट्ट करा.

त्या मिठागरावर एक जुनी रीत होती. तिला 'नजर लावणे' म्हणत. वाफ्यातले पाणी पिकले की त्याच्यावर मिठाचा पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा. कामगार त्याला सायच म्हणायचे. साय धरल्याबरोबर दंताळे फिरवले तर मीठ पांढरेशुभ्र निघते. आधी फिरवले तर खालचा गाळ वर येतो, उशीर केला तर मीठ कडवट होते. म्हणून सकाळी सूर्य पाण्याला टेकून वर आला की वाफ्याच्या बांधावर कुणीतरी उभे राहायचे. तोंड सूर्याकडे करायचे आणि पाण्यावरच्या सूर्याच्या लखलखाटात टक लावून बघायचे. साय जिथे धरते तिथे लखलखाट तुटतो.

हे काम घाऱ्या डोळ्यांच्या माणसाचे, अशी तिथली समजूत. "काळ्या डोळ्याला उजेड बोचतो, घाऱ्याला तो ओळखतो," असे म्हणायचे. "उजेडाचे डोळे उजेडासाठीच." आणि वर आणखी एक नियम. नजर लावताना डोके उघडे हवे. "टोपीखालची नजर अर्धी."

आत्याचा बाप आयुष्यभर नजर लावत होता. म्हातारपणी तो वाटी चाचपत जेवायचा. लोक म्हणायचे, वय झाले, दुसरे काय. फक्त आत्याच्या आईला तसे वाटत नव्हते. ती होती तोवर तिने मुलीला बांधावर उभे राहू दिले नाही. आज पोरीला ताप आहे, उद्या पोरगी मामाकडे गेली आहे, अशी तिची टाळाटाळ चालायची. आई गेली, आणि तेरावा दिवसही नीट सरला नसेल तेवढ्यात मिठागराचा मुकादम दारात उभा राहिला.

मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याने बरोबर तेलाची बाटली आणली होती, मुलांच्या डोक्याला लावायला. "घराण्याचा मान आहे पोरी," तो म्हणाला. "तुझ्या बापाची जागा. दुसऱ्या कुणाला कशी देऊ?"

आत्याला मान हवा होता. मी तिला दोष देत नाही. आई गेलेली, बाप आंधळा, धाकटा भाऊ अंगाने काडी. त्याला सारे थट्टेने पैलवान म्हणत. घरात कुणीतरी ताठ उभे राहायला हवे होते. ती बांधावर जाऊन उभी राहिली.

आणि मी? बांधावर एक काठी रोवलेली होती, तिच्यावर ती मला अडकवायची. तिथून मी रोज बघायची. आत्याचे कपाळ उघडे, तोंडावर सूर्य, आणि पायाखालच्या पाण्यातून दुसरा सूर्य. माझी सावली मातीच्या ढेकळावर पडलेली असायची. ढेकळाला काय डोळे असतात? एक छोटा खेकडा रोज त्या सावलीत येऊन बसायचा. मित्रांनो, ज्याच्यासाठी आपला जन्म झाला ते चार पावलांवर जळत असावे आणि आपण खेकड्याला सावली देत बसावे, याच्यासारखे दुःख नाही.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचे. आणि इथे त्या भल्या माणसांची मोठी चूक झाली. त्यांना वाटायचे, साय दिसली की घारीच्या डोळ्यांत पाणी येते. ती देवाने दिलेली खूणच आहे. "आलं पाणी! आलं! चला रे, दंताळी घ्या!" म्हणत सगळे हसतखेळत वाफ्यात उतरायचे. डोळा बिचारा ओरडत होता, आणि ते त्या ओरडण्याला शकुन समजत होते. कुणी तिच्या पाठीवर थाप मारायचे. मुकादम म्हणायचा, "वा रे घारी! सोन्याचे डोळे!" मग ती मला काठीवरून उचलायची, आणि मी ओल्या गालांवर माझी सावली धरायची. पण चोर गेल्यावर दाराला कडी लावावी, तशातली ती गत.

वर्षे गेली. आत्याने लग्न केले नाही. पैलवानाचे झाले, पण त्याची बायको लेकरू पाळण्यात असतानाच देवाघरी गेली. लेकरू आत्याच्या कुशीत आले. मुलगी. डोळे उघडले तर तोच पाण्यात विरघळणारा मध. वस्तीतल्यांनी तिचे नाव पाडले मनी, मांजरीसारखे डोळे म्हणून. सगळे खूश झाले. "चला, पुढची नजर तयार झाली!"

आत्या मात्र त्या दिवशी हसली नाही. घरी येऊन तिने मला पाळण्याच्या दोरीला बांधले, खिडकीच्या बाजूने. पाळणा हलला की माझी सावली लेकराच्या तोंडावर मागे-पुढे व्हायची. मनी मला बघून हात उडवायची. तिचे पहिले खेळणे मी आहे, हे मी अजूनही सगळ्यांना सांगते.

मनी मोठी होत गेली तसे आत्याचे काहीतरी बिघडत गेले. सुई ओवताना दोरा शेजारून जायचा. तांदूळ निवडताना खडे राहायचे. आधी ती म्हणायची, तांदूळच वाईट आला आहे. एकदा मनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नवीन वेणी घातली होती.

"आत्या, बघ ना माझ्याकडे."

"बघतेच आहे गं."

"कुठे बघतेस? तू तर खिडकीकडे बघतेस."

"खिडकीतून तू आणखी छान दिसतेस," आत्या म्हणाली, आणि मनी खुदकन हसली.

पण मला सगळे कळले. आत्याला कडेचे दिसत होते. बरोबर मधोमध जिथे बघावे, तिथे करडा डाग होता. मनीचे तोंड बघायचे तर तिला मान वळवून भिंतीकडे किंवा खिडकीकडे बघावे लागायचे. मग कडेला कुठेतरी त्या तोंडाची पुसट सावली मिळायची. बाजारातल्या लोकांना वाटायचे, ही बाई बोलताना तोंड फिरवते, फार शिष्ट झाली आहे.

तिने कुणाला सांगितले नाही. का, ते ऐका. आत्याला दिसत नाही हे कळले असते तर दुसऱ्याच दिवशी मनीला बांधावर उभे केले असते. आता मनीचे वय बांधावर उभे करण्याजोगे झाले होते. म्हणून आत्या रोज सकाळी जायची, मला काठीवर अडकवायची, आणि सूर्याकडे तोंड करून उभी राहायची. तिला साय दिसत नव्हती. ती काय करायची, तर सगळ्यांच्या आधी जाऊन वाफ्यात हात घालायची. साय धरली असेल तर मनगटावरच्या लवेला काहीतरी चिकटते, हे तिला चाचपता चाचपता कळले होते. मग बांधावर येऊन नुसते उभे राहायचे. पाणी तर डोळ्यांतून येतच होते. लोकांना तेवढेच पुरायचे.

ती उभी होती तोवर पोरगी सावलीत होती. एवढाच तिचा हिशेब. आणि त्या हिशेबात रोज डोळ्यांत जे थोडेफार उरले होते, तेही जळत होते.

मिठागरावर काम करणाऱ्यांच्या हाताला सतत जखमा होतात. एकदा आत्याच्या दोन्ही तळव्यांना मिठाने चिरा पडल्या आणि त्या चिघळल्या. तिने मनगटापर्यंत चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्या सकाळी तिला पाण्यात हात घालता आला नाही. ती बांधावर उभी राहिली. डोळ्यांत पाणी आले. सगळे दंताळी घेऊन उतरले, आणि पाहतात तर वाफा ढवळून काळा झाला. गाळ वर आला. इतक्या दिवसांची मेहनत चिखलात गेली.

मुकादम धावत आला. आता तोही म्हातारा झाला होता. आधी तो रागावला, मग आत्याच्या तोंडाकडे बघत थबकला. त्याने काठीवरून मला काढले आणि तिच्या अगदी नाकासमोर धरले. बोलला मात्र नाही.

मित्रांनो, मी तिच्या नाकासमोर होते. एवढी मोठी, हातभर काठाची, तिच्या आईने तिच्याचसाठी विणून घेतलेली. आणि सूर्याने दिपलेल्या तिच्या डोळ्यांना मी कडेनेही दिसले नाही.

"घे की," मुकादम म्हणाला.

"काय घेऊ?" आत्या म्हणाली, आणि तिने हात पुढे केला तो माझ्या शेजारच्या रिकाम्या हवेत.

मुकादमाने मला तिच्या हातात दिले.  तो म्हणाला, "घारी, कधीपासून गं?" ती चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी माझी नाडी चाचपत राहिली. मग त्याने खाली बघत सांगितले, "बरं. परवापासून पोरीला आण. तिचे डोळे तुझ्यासारखेच आहेत."

पैलवान आत्याला तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मी आत्याच्या डोक्यावर होतेच. मनीही बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत पुष्कळ वेळ बघितले. मग दिवा लावून त्या आत्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"मावशी, खरं सांगू?"

"सांगा. खोटं बघायची सवय आहे मला, ऐकायची नाही."

"बाहुलीभोवती जो रंग असतो ना, तो पडद्यासारखा असतो. गडद डोळ्यांत पडदा जाड, तुमच्यात पातळ. म्हणून उजेड तुम्हाला इतरांपेक्षा जास्त बोचतो. घारे डोळे उजेडासाठी नसतात, त्यांना उलट जास्त सावली लागते. आणि सूर्याकडे टक लावून बघितलं, मग तो आकाशातला असो की पाण्यातला, तर कुठल्याही रंगाचा डोळा आतून भाजतो. तुमचा मधला भाग भाजलाय. तो परत येत नाही."

"मग ते पाणी यायचं, ते?"

"डोळा नको म्हणत होता, मावशी."

आत्याने मान हलवली. स्वतःबद्दल आणखी काही विचारले नाही. मनीला पुढे ओढले. "हिचे बघा."

मनीचे डोळे निरोगी होते. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी काळा चष्मा लिहून दिला. निक्षून सांगितले, की रस्त्यावरचा नुसता काळ्या काचेचा घेऊ नका. नुसत्या काळोखाने बाहुली मोठी होते, आणि काच घातक किरणे अडवत नसेल तर ती उलट जास्तच आत शिरतात. किरणे अडवणारा चष्माच हवा, आणि वर ही टोपी. असे म्हणून त्यांनी माझ्या काठाला बोट लावले. "कुणी विणली हो? काय शहाण्या हाताची आहे!" इतक्या वर्षांनी कुणीतरी माझे कौतुक केले, आणि मला रडू आले.

तो परवाचा दिवस उजाडला. मिठागरावरची सगळी माणसे जमली होती. मनी बांधावर उभी, आणि मी काठीवर नाही, तर मनीच्या डोक्यावर. आत्याने स्वतःच्या हाताने चाचपत माझी नाडी तिच्या हनुवटीखाली बांधली होती, आणि गाठीवर गाठ मारली होती.

"टोपी काढ पोरी," मुकादम म्हणाला.

"टोपी निघणार नाही," आत्या म्हणाली.

"नियम आहे तो. तुझ्या बापानं कधी कुरकुर केली का?"

"नाही केली. म्हणून तर वाटी चाचपत जेवला."

पैलवान पुढे झाला. "ताई, चारचौघांत काय हे? घराण्याचा मान आहे आपल्या."

"मग तू घे मान. तुझे डोळे काळे आहेत, पडदा जाड आहे. राहा उभा उघड्या डोक्यानं. राहतोस?"

पैलवान पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"मग साय कोण बघणार?" मुकादम चिडला. "तू?"

"मी कुठे बघत होते, मुकादम? कितीतरी दिवस झाले, मी बघतच नाही. हाताने ओळखते." ती वाफ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली. "मनी, इकडे ये. हात घाल पाण्यात. मनगटापर्यंत. हलवू नकोस. काय लागतंय?"

मनीने डोळे मिटले. "गार लागतंय. आणि आत्या, लवेला काहीतरी चिकटतंय. कोळ्याचं जाळं लागावं तसं."

"तीच साय."

कुणाचाच विश्वास बसेना. मग एकाने हात घातला, मग दुसऱ्याने. मुकादमही वाकला. त्याने हात बाहेर काढला आणि मनगटावरचा तो पांढरा, पापुद्र्यासारखा वळ बघत तो तिथेच बांधावर बसला.

"म्हणजे घारी," तो फार हळू म्हणाला, "तुझ्या बापाचे डोळे?"

"उगाच गेले."

"आणि तुझे?"

 आत्याने मान बाजूला वळवली, दूर चराकडे. लोकांना वाटले, तिने तोंड फिरवले. मला माहीत होते, ती मनीकडे बघत होती.

"माझे अगदीच उगाच नाही," ती म्हणाली. "पोरीच्या वाट्याचं ऊन खाऊन गेले."

मुकादमाने डोक्यावरचा फेटा सोडला आणि तोंडाला लावला. त्या दिवशी साय धरलेली होती, पण दंताळी बराच वेळ कुणी उचलली नाहीत.

तुम्ही विचाराल, मग तिने आधीच का नाही सांगितले? हाताने कळते, हे ओरडून सगळ्यांना का नाही सांगितले? मनीनेही तिला एकदा विचारले. आत्या म्हणाली, "हात दाखवायचा तर आंधळेपण दाखवावं लागलं असतं. हाताचं कुणी मानलं नसतं, तर तू गेली असतीस. भीतीनं तोंड शिवलं गं माझं." मग ती पुष्कळ वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत बसली. हे दुःख तिने शेवटपर्यंत बरोबर नेले.  मी टोपी आहे, मला फक्त सावली देता येते.

नजर लावायची रीत त्या हंगामापासून बंद पडली. बांधावरची ती काठी अजून आहे, पण आता तिच्यावर पाण्याचे भांडे अडकवतात. मुकादमाने सगळ्यांसाठी रुंद काठाच्या टोप्या आणवल्या. "छत्री, छत्री" म्हणून ज्या हसायच्या, त्याच बायका आता काठ मोजून घेतात, "माझ्यापेक्षा तिचा मोठा का?" म्हणून भांडतात. मी मनीच्या डोक्यावर पुष्कळ वर्षे राबले. तिच्या डोळ्यांवर तो चांगला काळा चष्मा आणि वर मी. तिचे डोळे आजही आईने नुकतेच धुऊन पुसल्यासारखे स्वच्छ आहेत.

आत्या दारात बसून असायची, सावलीत, पाय उन्हात. संध्याकाळी मनी आली की ती विचारायची, "टोपी होती ना दिवसभर?"

"होती गं."

"आणि रंग तसाच आहे का तुझ्या डोळ्यांचा?"

"तसाच आहे, आत्या. मधासारखा."

"बघू," म्हणून आत्या भिंतीकडे तोंड करायची आणि कडेकडेने बघायची. मनी तिच्यासमोर अगदी स्थिर उभी राहायची, श्वास रोखून, फोटो काढून घ्यावा तशी. आत्याला किती दिसायचे ते देवच जाणे. "दिसला," ती दर वेळी म्हणायची.

शेवटच्या आजारात तिने मला उशाशी मागून घेतले. काठ चाचपला, हिरवे कापड चाचपले, तुटायला आलेली नाडी चाचपली. विणणाऱ्या म्हातारीचे गाणे तिला लहानपणापासून पाठ होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पूर आला सामोरा, तर बाजूला व्हावे. मित्रांनो, ती बाजूला झाली नाही, कारण तिच्या मागे एक लेकरू उभे होते.

आता मनीने नवी टोपी घेतली आहे. मला तिने टाकले नाही. या खिळ्याला टांगून ठेवले आहे, आत्या बसायची त्या जागेच्या वर. माझे काम संपले. पण तुमचे डोळे अजून कोवळे आहेत. काळे असोत, तपकिरी असोत, घारे असोत, ते एकदाच मिळतात. डोळ्यांत पाणी आले तर ते मिरवू नका, ते काय सांगते ते ऐका. सूर्याशी टक लावायची पैज कुणी लावली तर हरून या. आणि वर्गात कुणी घारे लेकरू उन्हात डोळे मिचकावत असेल, तर त्याला चिडवू नका. आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवा.

आणखी एकच मागणे आहे. उद्या सकाळी बाहेर पडताना टोपी घालाल, तेव्हा तिच्या काठाला क्षणभर बोट लावा. तेवढ्या क्षणापुरती माझ्या आत्याची आठवण काढा. तिला समोरचे तोंड दिसत नव्हते. पण कुणी आठवण काढली, तर ती मान वळवून भिंतीकडे बघेल आणि म्हणेल, दिसला.